ऑनलाइन डिग्री घेताय? आधी आठवड्यातले २३ तास शोधा

(ऐकायला वेळ नसेल तर हा भाग इथे वाचा. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे, फक्त आकडे नीट मांडून घेतले आहेत.)



आजचा विषय प्रवेशाचे दिवस आले की बऱ्याच जणांच्या डोक्यात घोळायला लागतो. नोकरी सुरू आहे, पगार ठीक आहे, पण प्रमोशनच्या फॉर्मवर पदवीचा रकाना रिकामा राहतो. किंवा पदवी आहे, पण एमकॉम, एमबीए, एमसीए करायचं राहून गेलं. मग रात्री जेवण झाल्यावर मोबाइल चाळताना जाहिरात येते, 'घरबसल्या डिग्री, रोज फक्त एक तास द्या.' आपण म्हणतो, एक तास काय, सहज निघेल. करून टाकू बे!

आणि फी भरून मोकळे होतो.

गडबड इथेच होते. ऑनलाइन शिक्षणामुळे कॉलेजला जाण्या-येण्याचा वेळ वाचतो, हे खरंय. पण अभ्यासाचा वेळ वाचत नाही. तो कुठून तरी काढावा लागतो. झोपेतून, रविवारातून, प्रवासातून, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी वेळातून. म्हणून कोर्स कोणता चांगला, ॲप कोणतं भारी, हे आज बाजूला ठेवू. आज फक्त वेळेचा हिशेब करू, आणि तो नागपूरचा करू. कारण मुंबईच्या लोकलमध्ये बसून अभ्यास करण्याचे सल्ले आपल्याकडे फारसे कामाचे नाहीत. ते का, हे पुढे येईलच.

क्रेडिट म्हणजे किती तास?

कोणत्याही कोर्सच्या माहितीपत्रकात 'क्रेडिट' हा शब्द असतो. आपण तो वाचतो आणि पुढे सरकतो. सगळा हिशेब मात्र त्यातच लपलेला असतो.

मुक्त आणि दूरशिक्षणात एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. यात नुसतं व्हिडिओ बघणं येत नाही. पुस्तक वाचणं, स्वाध्याय लिहिणं, उजळणी, सगळं त्यात धरलेलं असतं. चार क्रेडिटचा एक विषय म्हणजे १२० तास. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत वर्षाला ४० क्रेडिट धरतात, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला १२०. आता गुणाकार करा. ४० गुणिले ३० म्हणजे वर्षाला १२०० तास. त्याला ५२ आठवड्यांनी भागलं की आठवड्याला सुमारे २३ तास.

२३ तास. म्हणजे रोजचे सव्वातीन तास, रविवार धरून, दिवाळी धरून, चुलत बहिणीचं लग्न धरून.

तुम्ही म्हणाल, एवढा अभ्यास कोण करतं? कागदावरचा आकडा आहे. बरोबर आहे. विषय ओळखीचा असेल तर कमी लागतो, आणि पास होण्यापुरता अभ्यास करणारे त्याहून कमी वेळात निभावून नेतात. पण 'रोज फक्त एक तास' म्हणजे आठवड्याला सात. सात आणि तेवीस यात जे अंतर आहे, त्यातच माणसं पहिल्या वर्षी गळतात.

जगभर हेच दिसतं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसची सहा वर्षांची आकडेवारी तपासणारा एक अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्स उघडूनही पाहिला नव्हता. पूर्ण करणारे ३ टक्क्यांच्या आसपास. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये मात्र हे प्रमाण ४६ टक्के होतं. म्हणजे खिशातून पैसे गेले की माणूस जास्त टिकतो. पण पैसे भरूनही निम्मे लोक शेवटपर्यंत पोहोचत नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे.

आठवड्यात तास किती, उरतात किती?

आता एक नमुना घेऊ. समजा एक जण नागपूरच्या पूर्व भागात, वर्धमान नगरकडे राहतो आणि मिहानमध्ये कामाला आहे. सहा दिवस ड्युटी.

आठवड्याचे एकूण तास १६८.
जेवणाची सुट्टी धरून रोज ९ तास काम, सहा दिवस: ५४.
जाणं-येणं रोज साधारण दोन तास दहा मिनिटं: १३.
झोप रोज ७ तास: ४९. (ही कापू नका, त्याबद्दल पुढे बोलू.)
आंघोळ, जेवण, तयारी वगैरे रोज अडीच तास: साडेसतरा.

बेरीज साडेएकशे तेहेतीस. उरले साडेचौतीस तास.

वाटतं, अरे वा, २३ काढले तरी ११ उरतात. पण थांबा. यात घरातलं काम धरलेलंच नाही. भाजी आणणं, स्वयंपाक, धुणं, मुलांना बघणं, गॅस, पाणी. ते कोण करतं? इथून पुढचा हिशेब त्या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

एकाच घरातले दोन आठवडे

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ मध्ये देशभर 'वेळ वापर सर्वेक्षण' केलं. कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं, याची ती मोजणी. त्यात दिसलं की विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं.

हे आकडे आपल्या साडेचौतीस तासांतून वजा करून बघू.

पुरुष असेल तर ८८ गुणिले सात म्हणजे आठवड्याला सुमारे सव्वादहा तास. उरले २४. अभ्यासाला हवेत २३. घट्ट आहे, पण बसतं.

बाई असेल तर २८९ गुणिले सात म्हणजे जवळपास पावणेचौतीस तास. उरला एक तासही नाही.

आता या दोघांमधला फरक बघा. दिवसाला २०१ मिनिटं. आठवड्याला साडेतेवीस तास. म्हणजे पूर्णवेळ पदवीला आठवड्याला जितका अभ्यास लागतो, जवळपास तितकाच.

ही सगळ्या बायकांची सरासरी आहे, त्यात नोकरी न करणाऱ्याही आल्या. नोकरी करणारीचा आकडा त्याहून खाली असेल. लहान मुलं किंवा आजारी सासूबाई असतील तर वरही जाईल. पण दिशा बदलत नाही. एकाच कंपनीत, एकाच शिफ्टमध्ये, एकाच पगारावर काम करणारे दोघं एकाच दिवशी प्रवेश घेतात. एकाचा अभ्यास रात्री नऊला सुरू होतो, दुसरीचा साडेअकराला. मग दुसरी नापास झाली की घरातले म्हणतात, 'झेपत नव्हतं तर घेतलं कशाला?'

म्हणून फी भरण्याआधीचा सगळ्यात महत्त्वाचा फॉर्म विद्यापीठाच्या साइटवर नसतो. तो घरात भरायचा असतो. 'मला शिकायचंय' एवढं सांगून भागत नाही. त्याला घरातले 'शिक ना, आम्ही कुठे अडवलं' म्हणतात आणि विषय संपतो. मागायचे असतात ते तास. 'मंगळवार, गुरुवार आणि शनिवार रात्रीचा स्वयंपाक मी करणार नाही, ते तीन दिवस तू बघ. रविवारी सकाळी आठ ते बारा मी दार लावून बसणार.' असं ठरवून, वार घालून. आणि ऐकणारे मुलगे हो, बायको किंवा बहीण शिकत असेल तर तिला 'ऑल द बेस्ट' पुरत नाही. तुमच्या वाट्याची मिनिटं ८८ च्या वर गेली पाहिजेत.

अपडाऊनचा वेळ खरंच अभ्यासाचा आहे का?

आता प्रवासाकडे येऊ. मुंबईत लोकलमध्ये जागा मिळाली तर माणूस तासभर वाचू शकतो. नागपूर हे मुख्यतः दुचाकीचं शहर. आणि गाडी चालवताना अभ्यास शून्य. कानात इअरफोन घालून लेक्चर ऐकत वर्धा रोडवरून गाडी चालवायची नाही, हे पुन्हा सांगतो. मागून ट्रकचा हॉर्न वाजला तो ऐकू आला नाही, तर पदवीचा प्रश्नच उरणार नाही.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की तुमच्या अपडाऊनमध्ये दुसरं कुणीतरी गाडी चालवतं का?

मेट्रोचं बघू. नागपूर मेट्रोची पहिली गाडी मार्च २०१९ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाला. एक मार्ग खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, दुसरा प्रजापती नगर ते लोकमान्य नगर, आणि दोन्ही बर्डीला एकमेकांना छेदतात. खापरीच्या बाजूला मिहान, लोकमान्य नगरच्या बाजूला हिंगणा एमआयडीसी. म्हणजे कामाची दोन मोठी ठिकाणं मेट्रोच्या टोकांजवळ आली आहेत.

आपल्या नमुन्यातला माणूस घरून मेट्रो पकडतो, बर्डीला बदलतो, खापरीला उतरतो आणि पुढे शेअर ऑटो किंवा कंपनीची गाडी घेतो. समजा एका बाजूला एकूण ६५ मिनिटं लागतात, त्यात गाडीत बसून ४०. बाइकने तो ४० मिनिटांत पोहोचला असता. मेट्रोत एका बाजूला २५ मिनिटं जास्त गेली, म्हणजे आठवड्याला पाच तास. बदल्यात बसलेली ४० मिनिटं मिळाली, म्हणजे आठवड्याला आठ तास.

वरवर पाहता तीन तासांचा फायदा. पण संध्याकाळी दमून परत येताना ती ४० मिनिटं अभ्यासाची राहतील का? सकाळची चार तास नक्की धरा, संध्याकाळचे निम्मे. झाले सहा. फायदा उरला एक तासाचा. आणि त्या वेळात रील्स बघितल्या तर उलट पाच तासांचा तोटा. म्हणजे मेट्रोने जाणं हे आपोआप अभ्यासाचं कारण होत नाही. आपल्या रस्त्याचे आकडे आपण मांडायचे. तुमची मिनिटं वेगळी असतील, पण गणित हेच.

बुटीबोरीला जाणाऱ्यांना मेट्रोचा आज उपयोग नाही. दुसरा टप्पा तिकडे जाणार आहे, त्याला केंद्राची मंजुरी डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली. तोवर कंपनीची बस. आणि कंपनीची बस वाईट नाही. ठरलेली वेळ, ठरलेली सीट, गाडी बदलायची कटकट नाही. फक्त हलत्या बसमध्ये वाचलं की अनेकांना मळमळतं. त्यांनी ऐकण्यावर भर द्यावा.

तिसरा गट वर्धा, भंडारा, काटोल, कामठीकडून रोज रेल्वेने किंवा एसटीने येणाऱ्यांचा. वर्ध्याहून पास काढून अपडाऊन करणाऱ्याला एका बाजूला तासाच्या वर वेळ मिळतो, तोही सलग. या मंडळींकडे घरचा वेळ सगळ्यात कमी आणि गाडीतला सगळ्यात जास्त असतो. त्यांनी प्रवासालाच आपली अभ्यासिका समजलं पाहिजे. मात्र रोजच्या ग्रुपमध्ये पत्त्यांचा डाव बसत असेल, तर डबा बदला. खरंच सांगतो.

गाडीत काय जमतं, काय जमत नाही

प्रवासात सगळा अभ्यास सारखा होत नाही. तीन ढीग करा.

पहिला ढीग ऐकण्याचा. लेक्चर, विषयाची ओळख, आधी वाचलेल्याची उजळणी. हे उभ्यानेही होतं. फक्त व्हिडिओ आदल्या रात्री घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा. रस्त्यात नेटवर्क कधी येतं, कधी जातं, आणि फिरणारं चक्र बघण्यात दहा मिनिटं जातात. इग्नूची पुस्तकं 'ई-ज्ञानकोश' या त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये मोफत मिळतात, तीही आधीच उतरवून ठेवा.

दुसरा ढीग आठवण्याचा. हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचा. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते परत परत वाचले. काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा कधी पाच मिनिटांनी नसते. तेव्हा येताना ऐकलेलं लेक्चर जाताना परत लावू नका. फोन खिशात ठेवा, खिडकीबाहेर बघा आणि आठवा की त्यात तीन मुद्दे कोणते होते. आठवले नाहीत, तरच परत उघडा.

तिसरा ढीग लिहिण्याचा. स्वाध्याय, गणितं, उत्तरं लिहून पाहणं. हे गाडीत होत नाही, आणि होईल अशी स्वतःची समजूतही घालू नका. याला टेबल, शांतता आणि सलग दोन तास लागतात. इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायाला ३० टक्के आणि सत्रअखेरच्या परीक्षेला ७० टक्के वजन असतं. म्हणजे दोन्ही गुण हाताने लिहिण्यातूनच येतात. वर्षभर फक्त ऐकणारा माणूस परीक्षेत तीन तास लिहायला बसला की तासाभरात त्याचा हात दुखायला लागतो.

म्हणून वाटणी अशी करा. ऐकणं आणि आठवणं प्रवासात, लिहिणं घरी. सहा तास प्रवासात निघाले, तर घरून १७ काढायचे राहतात. आणि ते झोपेतून काढू नका. सात तासांची झोप पाचवर आणली की आठवड्याला १४ तास मिळाल्यासारखे वाटतात, पण वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोपच लागते. शिवाय पहाटे बाइक चालवताना डुलकी लागली तर किंमत वेगळीच.

डिग्री खरी आहे ना?

आता पैशाचा आणि आयुष्यातल्या वर्षांचा प्रश्न. एवढे तास घालून हातात येणारा कागद चालणार आहे का?

आधी चांगली बातमी. दूरशिक्षण हे काही काल आलेलं खूळ नाही. इग्नू १९८५ ची. आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं, मुख्यालय नाशिकला आणि विभागीय केंद्र नागपुरातही. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद आणि राम ताकवले हे पहिले कुलगुरू. मराठीतून शिकायचं असेल तर आधी तिकडे बघा. इग्नूचंही विभागीय केंद्र नागपुरात, अमरावती रोडवर आहे. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातली किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. नोकरीसाठीही आणि पुढच्या शिक्षणासाठीही.

यातला 'मान्यताप्राप्त' हा शब्द महत्त्वाचा. चार गोष्टी तपासा.

एक, विद्यापीठ खरं आहे का? यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करत असते. त्यात महाराष्ट्राच्या नावापुढे वर्षानुवर्षं जे नाव दिसत आलंय ते आपल्याच शहराचं आहे, राजा अरेबिक विद्यापीठ, नागपूर. म्हणजे हा धोका दिल्ली-बिहारचा आहे असं समजू नका.

दोन, तो विशिष्ट कोर्स, त्या विशिष्ट वर्षासाठी मान्य आहे का? विद्यापीठ खरं असलं तरी प्रत्येक ऑनलाइन कोर्सला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची, म्हणजे 'डेब'ची परवानगी लागते. त्यांच्या साइटवर विद्यापीठ आणि वर्ष टाकून बघता येतं. २०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा 'डेब आयडी' काढावा लागतो, आणि त्यासाठी आधी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं. 'आयडी-बियडी काही लागत नाही, आम्ही बघून घेतो' असं कुणी म्हणालं, तर तिथूनच वळा.

तीन, विषय कोणता? अभियांत्रिकी, वैद्यकीय, फार्मसी, नर्सिंग, आर्किटेक्चर, फिजिओथेरपी, कायदा या पदव्या दूरशिक्षणातून चालत नाहीत. २०२५ च्या जुलै सत्रापासून मानसशास्त्रही त्यात आलं. नोकरी सांभाळून 'ऑनलाइन बीटेक' देतो म्हणणारा तुम्हाला फसवतोय.

चार, पदवी देतंय कोण? शिकवणारी ॲप कंपनी स्वतः पदवी देऊ शकत नाही, आणि विद्यापीठाला आपली पदवी फ्रँचायझीवर चालवायला देता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये यूजीसीने यावर जाहीर इशाराच दिला होता. कंपनीचं सर्टिफिकेट कौशल्यासाठी उपयोगी असू शकतं, पण ते पदवीच्या रकान्यात बसत नाही. फीचे पैसे कोणाच्या खात्यात जातायत, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

आणि 'मागच्या तारखेची डिग्री दोन महिन्यांत' असं कुणी कुजबुजलं, तर तो कागद नोकरीच्या पडताळणीत तुमच्याच गळ्यात येतो. विकणारा तोवर दुकान हलवून गेलेला असतो.

तारखा आधी कॅलेंडरवर टाका

नोकरी करणारे विषय कठीण आहे म्हणून कमी अडकतात, तारीख चुकली म्हणून जास्त. इग्नूचं उदाहरण घ्या. परीक्षा जून आणि डिसेंबरला. जूनच्या परीक्षेसाठी स्वाध्याय साधारण मार्च-एप्रिलमध्ये द्यायचे, डिसेंबरच्या परीक्षेसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा, तो आपोआप भरला जात नाही. पुढच्या वर्षाची नोंदणी निकालाची वाट न बघता करायची. नेमकी तारीख दरवेळी साइटवर बघा, पण महिने आजच मोबाइलमध्ये टाका, पंधरा दिवस आधीच्या आठवणीसह.

आता हे महिने नागपूरच्या वर्षावर ठेवून बघा. जूनची परीक्षा म्हणजे तयारी मे महिन्यात, नवतप्यात. दुपारी पारा ४५ च्या घरात, कूलरचा आवाज आणि लाइट गेली की संपलंच. तेव्हा मे महिन्यात दुपारचा अभ्यास गृहीतच धरू नका. पहाटे पाच ते सात हीच खरी वेळ. डिसेंबरची परीक्षा म्हणजे बहुतेकदा विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. मोर्चे, बंदोबस्त, सिव्हिल लाइन्सकडचे वळवलेले रस्ते. केंद्र त्या बाजूला असेल तर अर्धा तास आधी निघा. आणि मार्च म्हणजे अनेक ऑफिसांत वर्षअखेर. स्वाध्यायाचा महिना आणि क्लोजिंगचा महिना एकच. म्हणून जूनच्या परीक्षेचे स्वाध्याय फेब्रुवारीतच संपवायचे.

साहेबांना परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सांगू नका. वेळापत्रक आलं की त्याच दिवशी सांगा, लेखी सांगा आणि शिफ्ट कोणाशी बदलणार तेही ठरवून सांगा. नाही म्हणायला जागा कमी राहते.

मग सुरुवात कशी करायची?

सरळ तीन वर्षांच्या पदवीत उडी मारण्याआधी आठ आठवड्यांची चाचणी घ्या, तीही फुकट. 'स्वयम' हे केंद्र सरकारचं व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे, आणि आयआयटींचे 'एनपीटेल' कोर्स त्यावर आहेत. नाव नोंदवायला आणि शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तरच फी भरून केंद्रावर परीक्षा द्यायची, त्यात २५ टक्के वजन आठवड्याच्या असाइनमेंटना आणि ७५ टक्के परीक्षेला. आठ आठवड्यांचा कोर्स साधारण दोन क्रेडिटचा असतो, म्हणजे ६० तास, म्हणजे आठवड्याला साडेसात. पदवीच्या ओझ्याचा हा एक तृतीयांश.

हे आठ आठवडे एका वहीत लिहा. किती तास ठरवले, किती झाले. प्रवासात किती, घरी किती. साडेसातपैकी सहा-सात झाले, तर तुमच्या आठवड्यात जागा आहे. तीनच झाले, तर तुम्ही आळशी आहात असं नाही, आठवडा भरलेला आहे. मग शिफ्ट, घरकामाची वाटणी किंवा प्रवास, यातलं काहीतरी आधी बदलावं लागेल. फी भरून ते बदलत नाही.

आणि जागा कमी असेल तर सावकाश करा. इग्नूच्या तीन वर्षांच्या पदवीला कमाल सहा वर्षं मिळतात. सगळे पेपर एकाच सत्रात दिलेच पाहिजेत असं नाही. सहा वर्षांत करायचं ठरवलं तर २३ तासांचे साडेअकरा होतात. रोज एक तास चाळीस मिनिटं. यातले काही मेट्रोत, काही पहाटे, काही रविवारी. हे नोकरी, अपडाऊन आणि घर सांभाळणाऱ्या माणसाला पेलतं. लोक म्हणतील, 'अजून झालं नाही का?' म्हणू द्या. तीन वर्षांत करायला जाऊन पहिल्याच वर्षी सोडण्यापेक्षा पाच वर्षांत हातात आलेली पदवी मोठी. प्रमाणपत्रावर किती वर्षं लागली ते कोणी विचारत नाही, पास झालात का ते विचारतात.

तर आज रात्री एवढंच करा. एक कोरा कागद घ्या, वर १६८ लिहा आणि आपले तास वजा करत खाली या. शेवटी जो आकडा उरेल, तो घरात सगळ्यांना दाखवा. तो कमी निघाला, तर कोण किती तास देणार ते त्याच कागदावर लिहून घ्या. आणि मग कोर्स शोधा.

हा भाग एखाद्या शिकणाऱ्या मैत्रिणीला पाठवा, आणि तिच्या घरच्यांनाही. पुढच्या भागात भेटू. तोवर हेल्मेट घाला, इअरफोन काढा आणि सांभाळून जा.